पालखीपुढे टाकलेले मूल

शत्रूचे पोर राजाने उचलून मांडीवर घेतले, की आपल्या ऐतिहासिक कादंबरीतले प्रकरण संपते, नाटकाचा पडदा पडतो आणि वाचकाचे डोळे पाणावतात; परंतु ते पोर राजाने का घेतले, असा प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या थोरवीवर शिंतोडे उडविणे होय, हा जो समज लेखकांनी आणि वाचकांनी मिळून रूढ केला आहे, तो वाङ्मयाला आणि इतिहासाला सारखाच मारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली मोगलांच्या छावणीतून सुटलेले शाहू महाराज स्वदेशी परतत असता औरंगाबादेकडील पारद गावच्या लोखंडे पाटलाने त्यांना अटकाव केला. झटापट झाली, पाटील पडला, आणि त्याच्या विधवेने आपले तान्हे मूल महाराजांच्या पालखीपुढे आणून टाकले. महाराजांनी त्याला अभय दिले, पहिल्या विजयाची खूण म्हणून फत्तेसिंह हे नाव आणि त्याबरोबर भोसले हे आपले आडनावही दिले. अक्कलकोटचे घराणे पुढे याच मुलापासून सुरू झाले. बखरींतून आलेली ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, आणि तिचा अर्थ वात्सल्य या एकाच शब्दात सांगण्याची आपली वहिवाट आहे.

आता त्या दिवसांची स्थिती पाहा. चुलती ताराबाईंनी शाहू महाराजांना तोतया ठरविले होते, सरदारांची मने दुभंगली होती, आणि कोण कोणाला रुजू होणार हे खुद्द मुलखातल्या देशमुख-पाटलांनाही उमगत नव्हते. अशा वेळी गादीच्या दावेदाराने पडलेल्या पाटलाच्या पोराला सर्वांदेखत पदराखाली घेणे, हे करुणेचे कृत्य असेल, आणि मला ते होते असेच वाटते. पण गावोगाव पोहोचणारा तो एक कौलनामाही होता, आणि ज्याला स्वतःचे गोत उरले नाही असा माणूस घरात वाढविण्यात राज्यकर्त्याचा जो हिशेब असतो तोही त्यात नसेलच असे म्हणवत नाही.

हाच हिशेब आपण दुसऱ्या एका ठिकाणी चटकन ओळखतो. रायगड १६८९ साली पडला तेव्हा सात वर्षांच्या शाहूला औरंगजेबाने आपल्या छावणीत ठेवले, राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली, आणि बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्याला मायेने सांभाळले. तरीही कादंबरीत हा प्रसंग येताच प्रत्येक लेखक बादशहाच्या अंतःकरणात शिरून तेथील कपट आपल्याला उलगडून दाखवितो, आणि ते योग्यच आहे, कारण मूल ओलीस होते. माझा आग्रह इतकाच, की बादशहाच्या अंतरंगात उतरणारी ही लेखणी पारदच्या पालखीपाशी मिटू नये; कारण जो स्वतः शत्रूच्या डेऱ्यात अठरा वर्षे वाढला, त्याने शत्रूचे मूल उचलताना काय आठवले असेल, यापेक्षा समृद्ध विषय मराठी कादंबरीकाराला क्वचितच लाभेल.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना याविषयी बोलण्याचा थोडा अधिक हक्क आहे, कारण अशीच एक कथा आमच्या सांबऱ्याच्या शिवारात मराठीतून ऐकू येते आणि कानडीतूनही. बैलहोंगलजवळच्या बेळवडीची गढी १६७८ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने वेढली, आणि तेथील देसाईण मल्लम्मा हिने जी झुंज दिली तिची वार्ता राजापूरच्या इंग्रज वखारीपर्यंत गेली. धारवाडजवळ यादवाड येथे महाराजांचे जे पाषाणशिल्प आहे त्यात त्यांच्या मांडीवर मूल असून हाती वाटी आहे; ते मूल मल्लम्मेचे, आणि तिच्या बाळाच्या दूधभातासाठी महाराजांनी मुलूख परत दिला, असे परंपरा सांगते. मराठी कथनात आपली दृष्टी महाराजांच्या मांडीवरून हलत नाही, तर कानडी कथनाची नायिका मल्लम्माच राहते. या परंपरेत विजेत्याने मूल आपल्या घरी नेले नाही. त्याची आई, त्याचे नाव आणि त्याची भूमी त्याच्यापाशी राहिली. राजाचा हेतू तपासायचा तो येथे, आईचे पुढे काय झाले या प्रश्नाशी; कारण पारदच्या प्रचलित कथेत मूल पालखीपुढे टाकल्यावर ती पाटलीण पुन्हा दिसत नाही, आणि तिला नावही नाही.

शाहू महाराजांच्या मायेविषयी मला संशय नाही. त्यांच्या अंतःपुरातील विरूबाईंनी फत्तेसिंहाला पुत्रवत् वाढविले, महाराजांनी त्याला जहागीर दिली, कर्नाटकच्या स्वाऱ्यांचे नेतृत्व दिले. परंतु १७४९ साली महाराजांचा अंतकाळ जवळ आला आणि गादीला वारस हवा झाला, तेव्हा चाळीस वर्षे भोसले म्हणून वावरलेला हा मानसपुत्र बाजूस राहून ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा छत्रपती झाला, आणि त्याच ताराबाईंनी अल्पावधीत त्यालाही तोतया म्हटले. त्या वेळी सरदार म्हणून मुजऱ्याला उभ्या राहिलेल्या फत्तेसिंहाच्या मनात काय होते, तेथून ज्याची कादंबरी सुरू होईल असा लेखक मला वाचायचा आहे.