लज्जेचे मोल बाळाने का द्यावे?

मीरा-भाईंदरमधील एखाद्या व्यापारी घरात मुलगा जन्मला की त्याच दिवशी दुकानात पेढे वाटले जातात. नाव आणि मुहूर्त यांची चर्चा सुरू होते. अशा वेळी न्हाऊ घालणाऱ्या बाईने हळूच सांगितले, की बाळाच्या लघवीची धार टोकातून न येता खालून येते, तर पुष्कळदा आजी म्हणतात, ‘‘कुणाजवळ बोलू नका. मोठा झाला की होईल ठीक.’’ विषय तेथेच मिटवला जातो. दोष मात्र मिटत नाही.

या स्थितीस वैद्यकात ‘हायपोस्पेडियास’ म्हणतात. दर दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे साधारण एकात ती आढळते. तिचे तीव्र रूप मात्र दुर्मीळ असते. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मुलगा व मुलगी यांचे बाह्य अवयव सारखेच असतात. पुढे वाय गुणसूत्रामुळे वृषण तयार होतात आणि त्यांतील संप्रेरकांच्या प्रभावाने मुलाचे अवयव आकारास येतात. या कामात उणीव राहिली, तर मूत्रमार्ग टोकापर्यंत पोहोचत नाही किंवा वृषण खाली उतरत नाहीत. बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही. ग्रहणात सुनेने सुरी हाती धरली, हे तर कारण नव्हेच. तिला दोष देणे हा अन्याय होय.

उणीव फार मोठी असेल, तर मुलगा मुलगीसारखा दिसू शकतो. बीड जिल्ह्यातील ललित साळवे यांचे असेच झाले. जन्मतः अवयव अविकसित असल्याने ते ‘ललिता’ म्हणून वाढले आणि महिला पोलीस शिपाई म्हणून सेवेत रुजू झाले. तरुणपणी केलेल्या तपासणीत वाय गुणसूत्र असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेसाठी मागितलेली रजा नाकारली गेली, तेव्हा २०१७ मध्ये त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. शासनाची परवानगी मिळाल्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये ते एका मुलाचे पिता झाले. शेवट आनंदाचा झाला. पण त्यापूर्वी तीस वर्षांच्या उंबरठ्यापर्यंतचे आयुष्य चुकीच्या नोंदीखाली गेले.

आज असे होण्याचे कारण नाही. बाळाचे लघवीचे छिद्र जागेवर आहे का आणि दोन्ही वृषण हाताला लागतात का, हे पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना विचारावे. हायपोस्पेडियास असून वृषण हाताला लागत नसतील, तर मुलगा की मुलगी हे ठरविण्याची घाई करू नये. अशा बाळाची गुणसूत्रे व संप्रेरके तातडीने तपासावी लागतात. कारण काही विकारांत पहिल्या काही आठवड्यांत शरीरातील मीठ घटून जीवाला धोका संभवतो.

वृषण सहा महिन्यांपर्यंत आपोआप उतरू शकतात. तोपर्यंत न उतरल्यास दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घेणे हिताचे ठरते. हायपोस्पेडियासचे ऑपरेशनही, जेथे आवश्यक असेल तेथे, बहुधा सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात. त्याआधी पुढची त्वचा कापून घेऊ नये. दुरुस्तीसाठी तीच उपयोगी पडते. यासाठी बालशल्यचिकित्सकांकडेच जावे. परळचे वाडिया बालरुग्णालय मीरा रोडहून लोकलने गाठण्याजोगे आहे.

वहीतील चूक पहिल्याच पानावर सापडली, तर ती थोडक्यात दुरुस्त होते. तीस वर्षांनी शोधू गेल्यास साऱ्या वह्या पुन्हा उघडाव्या लागतात. हे व्यापारी घरांना सांगावयास नको. चार माणसांची लाज राखण्यासाठी बाळाचे बालपण आणि तारुण्य खर्ची घालणे, हा तोट्याचाच व्यवहार होय.