बिलातील एक ओळ

अतिदक्षता विभागाचे बिल हाती आले की व्यापारी कुटुंबाची नजर आधी कराकडे वळते. दिवसाला ५,००० रुपयांवरील खोलीभाड्यावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आला. अतिदक्षता विभाग मात्र त्यातून वगळला गेला. ‘नर्सिंग चार्जेस’ ही ओळ क्वचितच कोणी वाचतो. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा संकेत आहे. तिच्याकडे दोघे सोपवले, तरी आकारणी सहसा दोघांकडूनही पूर्णच होते. घटते ती दर दोन तासांनी कूस बदलण्याची, नळीतील कफ काढण्याची सवड. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच्या समितीने २०१६ मध्ये छोट्या खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी मासिक किमान २०,००० रुपये सुचवले होते. फार नव्हेत. रुग्णाला दाखल करतानाच विचारावे, रात्रपाळीत किती खाटांमागे एक परिचारिका असते?