वर्गणीला चालतो, मग फलकावर का चालत नाही?

गेल्या वर्षी जयंतीच्या आधी आमच्या वस्तीत समितीची बैठक झाली. फलकावर कोणाची नावे टाकायची, एवढाच विषय होता. आमचा एक मित्र सात वर्षे वर्गणीचा हिशेब ठेवतो. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत शिडीवर चढून निळ्या पताका बांधतो. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना गणित शिकवतो. कोणीतरी त्याचे नाव सुचवले आणि बैठक एकदम गप्प झाली. मग एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "पोरगा गुणी आहे, पण तो तसला आहे. बाहेरचे काय म्हणतील? मागे राहून काम करू द्या त्याला."

नाव कटले. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि आम्ही तोंड उघडले नाही. हे आधी कबूल केले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच गप्प बसण्याबद्दल आहे.

"मागे राहून काम करू द्या" हे वाक्य ऐकले की आम्हाला बेयार्ड रस्टिन आठवतात. २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण माहीत असते. पण सुमारे अडीच लाख माणसे एका दिवसात त्या शहरात आणून संध्याकाळी सुखरूप परत पाठवण्याचे काम कोणी केले, हे आपण कधी विचारत नाही. वास्तविक सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर ज्याने पाणी वाटले आहे, रांगा लावल्या आहेत, त्याला हा प्रश्न सर्वांत आधी पडायला हवा.

ते काम रस्टिन यांचे. हातात दोन महिनेसुद्धा नव्हते. हार्लेममधल्या एका कार्यालयातून त्यांनी बसगाड्या, रेल्वेगाड्या, शौचालये, प्रथमोपचार, पिण्याचे पाणी सगळे जमवले. ऑगस्टच्या उन्हात मेयोनेज लावलेले सँडविच खराब होते, तेव्हा ते आणू नका, अशी सूचनासुद्धा मोर्चेकऱ्यांना दिली गेली. ध्वनियंत्रणेवर एवढा खर्च कशाला, असे लोक म्हणत होते. रस्टिन अडून बसले. ज्या गर्दीला ऐकू येत नाही ती गर्दी आवरता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. बंदोबस्तासाठी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोलिसांना त्यांनी बंदुकीशिवाय गर्दी सांभाळायचे शिक्षण दिले. ज्याने कधी मोर्चा काढला आहे त्याला कळेल, यातली एकेक गोष्ट म्हणजे काय असते.

रस्टिन समलिंगी होते आणि त्या काळातही ते फारसे लपवत नव्हते. १९५३ साली कॅलिफोर्नियात त्याच कारणावरून त्यांना अटक होऊन साठ दिवसांची शिक्षा झाली आणि ज्या शांततावादी संघटनेत ते काम करत होते तिथूनही जावे लागले. १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या वेळी किंग यांच्या घरात बंदुका होत्या. अहिंसक लढ्याची शिस्त तिथे रुजवणाऱ्यांत रस्टिन होते. तरीही १९६० मध्ये किंग यांनी त्यांना दूर होऊ दिले. कारण अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी धमकी पोहोचवली होती की किंग आणि रस्टिन यांच्यात संबंध आहेत, अशी अफवा उठवू. पॉवेल कोणी गोरे वंशवादी नव्हते. ते हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार होते, आपल्याच माणसांतले. १९६३ मध्येसुद्धा मोर्चाचे प्रमुख म्हणून रस्टिन यांचे नाव नको, असा आग्रह रॉय विल्किन्स यांच्यासारख्या नेत्यांनी धरला. तेव्हा कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांनी प्रमुखपद स्वतः घेतले आणि रस्टिन यांना उपप्रमुख नेमले. पंधरा दिवस आधी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये त्या जुन्या अटकेचा पाढा वाचला, तेव्हा रँडॉल्फ रस्टिन यांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले आणि बाकीच्यांनाही उभे राहावे लागले. आमच्या बैठकीत एक रँडॉल्फ नव्हता.

(रस्टिन गांधींना मानणारे होते. १९४८ साली ते भारतातही येऊन गेले. इथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो राहील. पण मतभेद विचारांचा असावा, माणूस कोणावर प्रेम करतो याचा नसावा.)

उतारवयात मुलाखतींत ते एक प्रसंग सांगत. चाळीसच्या दशकात दक्षिणेत बसमध्ये मागच्या बाकाकडे जाताना एका गोऱ्या बाळाने त्यांच्या टायला हात लावला. आईने शिवी देऊन त्याला मागे ओढले. रस्टिन यांना वाटले, आपण मुकाट मागे जाऊन बसलो तर हे मूल हेच शिकत मोठे होणार की काळ्यांना मागेच बसायला आवडते. समलिंगी असणे लपवण्यालाही ते हेच लावत: लपवणे म्हणजे पूर्वग्रहाला हातभार. मात्र १९८६ मध्ये समलिंगी कृष्णवर्णीयांच्या एका संग्रहात लिहायला बोलावले, तेव्हा त्यांनी नकार दिला. समलिंगींच्या हक्कांच्या लढ्यात आपण तरुणपणापासून पुढे नव्हतो, त्याचे श्रेय आपण कसे घ्यावे, अशी त्यांची भूमिका होती. एवढे करून श्रेय नाकारणारा माणूस आणि काहीही न करता फलकावर हात जोडून उभे राहणारे आम्ही!

इथे एक सापळा आहे. "समलिंगींनी समाजाला काय दिले?" हा प्रश्न आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. "आरक्षण घेऊन तुम्ही देशाला काय दिले?" हा त्याचाच सख्खा भाऊ. माणुसकीच्या हक्कासाठी योगदानाची पावती दाखवावी लागत नाही. उद्या आमच्या मित्राने हिशेब ठेवणे बंद केले, तरी त्याचा सन्मान कमी होत नाही. पण काम घ्यायचे आणि नाव पुसायचे ही दुसरी गोष्ट आहे. ती चोरी आहे आणि ती कशी चालते हे आपल्या आज्यापणज्यांना विचारा. विहीर खणायला ते चालत होते.

आता बाबासाहेबांचे नाव घेऊन विरोध करणाऱ्यांसाठी. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधल्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील कसे, हा त्यांचा सवाल होता आणि त्यांनी आधुनिक संशोधनाचा आधार दिला. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुणे कराराला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बाबासाहेबांना आपल्या समाजात कोण काय म्हणेल याची फिकीर असती, तर हा खटला त्यांनी घेतलाच नसता. पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा निकालाचा कणा होता तो संवैधानिक नैतिकतेचा. संविधान सभेत हा शब्द कोणी रुजवला, हे सांगायची गरज नाही.

तिसऱ्या शीलाचा दाखला देणारेही आहेत. ते शील व्यभिचार, फसवणूक, जबरदस्ती यांपासून थांबवते. त्या कसोटीवर आपल्या समितीतली काही लग्न झालेली मंडळी आधी तपासावी लागतील.

एक आक्षेप मात्र खरा आहे. शहरी समलिंगी वर्तुळातही जात आहेच. २०१५ मध्ये मुंबईच्या दैनिकात एका समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात आली, तिच्यात 'अय्यर असल्यास प्राधान्य' होते. म्हणजे आमच्या मित्राला तिथे जात आडवी येते आणि इथे आपण. मग त्याने जायचे कुठे?

त्याला आम्ही परवा विचारले, सात वर्षांत अभिमान वाटावा असे काय केलेस? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "अभ्यासिकेतली तीन पोरे तलाठी झाली. आणि हिशेबात एकदाही रुपया कमी आला नाही." ज्या गोष्टीसाठी त्याला मागे ठेवले, तिचा त्याने उल्लेखही केला नाही.

यंदाची बैठक मार्चच्या पहिल्या रविवारी आहे. त्याला विचारून त्याचे नाव आम्हीच सुचवणार आहोत, खजिनदार म्हणून. अनुमोदन कोण देते ते बघू.