घर घेताना अनुदान, घर जाताना नोटीस

बँकेचा माणूस दारावर इंग्रजी कागद चिकटवून जातो आणि लोक तो वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. मजकूर ठरलेला: साठ दिवसांत सगळं कर्ज फेडा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. अलीकडेच एक ताई असा कागद घेऊन आल्या. कंत्राटी सफाई कामगार. ठेकेदार बदलला, काम गेलं, चार हप्ते थकले. त्याआधी सहा वर्षं एकही हप्ता चुकला नव्हता.

हा २००२ चा सरफेसी कायदा. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए आणि मग ही नोटीस. दिवाणी न्यायालयाचं दार बंद. बँकेने ताब्याचं पाऊल उचललं की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं. नावातच वसुली आहे, न्याय कोणासाठी ते ओळखा.

सरकार म्हणतं, आम्ही मदत केली. केली, नाकारत नाही. २०१५ मध्ये पंतप्रधान आवास योजना आली. गरीब कुटुंबांना कर्जाच्या व्याजावर अनुदान मिळालं, घराला बाईचं नाव लागलं. पण ही मदत घरात शिरताना. घर जायची वेळ आली तेव्हा? २०२० च्या टाळेबंदीत सहा महिने हप्ते पुढे ढकलले, व्याज मात्र चालूच राहिलं. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजावरचं व्याज काढलं, मूळ व्याज तसंच राहिलं. हप्ता पुढे ढकलणं म्हणजे घर वाचवणं नव्हे.

आता कायद्यातला कंस पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं की शेतकरी, मजूर, घरकामगार ज्या स्वतःच्या घरात राहतात, ते जप्त करता येत नाही. सरफेसीच्या कलम ३१ नेही हे मान्य केलं, पण कंसात लिहून ठेवलं: त्याच कर्जाला तारण असलेली मालमत्ता सोडून. घरकर्जाला तारण घरच असतं! म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

उलट कंपनी बुडाली तर? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अर्ज दाखल करून घेतला की वसुलीला स्थगिती मिळते, सरफेसीची कारवाईसुद्धा थांबते. त्याच संहितेत व्यक्तींसाठीही भाग आहे. पण २०१९ मध्ये तो लागू केला फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना. आमच्या ताईंना नाही.

कोणी म्हणेल, कर्ज घेतलं तर फेडायला नको? फेडायलाच हवं. आम्ही माफी मागत नाही, मुदत मागतो. कंपनीला श्वास घ्यायला वेळ मिळतो, तो सफाई कामगाराला का नको?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ चालणार नाही. ती विसंगती आज आमच्या दारावर चिकटवलेली आहे.

आमच्या मागण्या तीन. राहतं घर एकमेव असेल तर ताब्याआधी हप्त्यांची फेरआखणी सक्तीची करा. नोटीस मराठीत द्या. आणि कलम ३१ मधला तो कंस राहत्या एकमेव घरापुरता काढून टाका.

तोवर दारावर कागद लागला तर रडत बसू नका, साठ दिवस मोजायला लागा. त्याच मुदतीत बँकेला लेखी हरकत द्या, तिला उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

जय भीम! जय संविधान!