पारख आणि खरेदी : ऐपतींतली दुर्बीण

बंदूक भिंतीवरून उतरली तरी दुर्बिणीची हौस घरांतून गेली नाहीं, असें कोल्हापुराकडील पुष्कळ कुटुंबांविषयीं म्हणतां येईल. आणि तें साहजिकच आहे. ज्या संस्थानांत छत्रपति शाहूमहाराजांसारखे पट्टीचे शिकारी राज्य करून गेले, जेथें काळविटांच्या शिकारीसाठीं चित्ते पाळीत आणि आपल्याकडील चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेंतून आणवीत, तेथें रानाचा नाद रक्तांत उतरला नसता तरच नवल. नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांत पेंढा भरलेलीं जनावरें पाहून बाहेर पडलेला नातू आजोबांना विचारतो, "हीं जिवंत कोठें दिसतील?" आजोबा दाजीपुराचें नांव घेतात, आणि मग सुट्टींतील सहलीचा बेत व त्याच्या पोटीं दुर्बिणीचा प्रश्न उभा राहतो. कोणती घ्यावी, केवढ्याला घ्यावी, आणि घरांतील दहा माणसांत मिळून एकच पुरेल काय, याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे.

शिकारीपुरता खुलासा आरंभींच केलेला बरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध घातले, आणि परवाना काढून हौसेनें शिकार करण्याची उरलीसुरली वाट १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. दाजीपूरचें रान संस्थानी अमदानींत महाराजांच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. १९५८ सालीं तें गव्यांसाठीं अभयारण्य झालें, १९८५ मध्यें राधानगरीचा भाग जोडला जाऊन त्याचा विस्तार सुमारें ३५१ चौरस किलोमीटर झाला, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत त्याची गणना झाली. शिकारीसाठीं राखलें म्हणूनच तें रान राहिलें, हें माप शिकारी राजांच्या पदरांत घातलेंच पाहिजे. असो. चाप ओढण्यापूर्वीं शिकाऱ्याला जें जाणून घ्यावें लागे, म्हणजे कळपांत नर कोणता, शिंगें केवढीं, मादीमागें वासरूं आहे कीं काय, तेंच आज नुसत्या पाहणाऱ्यालाहि हवें असतें. तेव्हां शिकाऱ्याच्या दुर्बिणीचे गुण आमच्या कामास जसेच्या तसे येतात.

त्यांतील एक गुण तर आज अधिकच मोलाचा आहे, आणि तो म्हणजे दूर उभें राहतां येणें. पुरा वाढलेला गव्याचा नर खांद्याशीं साडेपांच-सहा फूट उंच असतो. एरवीं तो शांत दिसतो, पण बिथरला म्हणजे त्याच्या वाटेंत उभा राहिलेला माणूस क्वचितच धड राहतो. उलट, माणसांच्या गर्दीपुढें एवढें बलाढ्य जनावरहि किती दुबळें ठरतें, तें २०२० च्या डिसेंबरांत पुण्यास कोथरुडांत दिसलें. वाट चुकून शिरलेल्या गव्यामागें बघ्यांची व छायाचित्रें घेणारांची एवढी धांवपळ झाली कीं, पकडल्यावर थोड्याच वेळांत त्यानें प्राण सोडला. पुढील वर्षीं कोल्हापुरांतहि गवा वस्तीपर्यंत आला. मोबाइलनें चित्र घ्यावयाचें तर जवळ जावें लागतें. हातांत बरी दुर्बीण असली कीं जनावर आपल्या जागीं व आपण आपल्या जागीं राहून शिंगांवरचा चिखलसुद्धां मोजून घेतां येतो.

आतां प्रत्यक्ष वस्तूकडे वळूं. प्रत्येक दुर्बिणीवर ८×४०, १०×५०, ८×३० असे दोन आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ दिसेल तें सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. खरेदी करणारा पहिल्याच आंकड्यावर भुलतो, आणि बाजाराला तें पुरतें ठाऊक आहे. वास्तविक आठ पट ही हातांत धरून पाहण्याच्या दुर्बिणीची सुखाची मर्यादा होय. दहा पट तरण्या, स्थिर हाताला झेपते. त्यापलीकडे गेल्यास वस्तूबरोबर हाताचा कंपहि तितकाच मोठा होतो, आणि गवा न दिसतां नाचणारा काळा डाग दिसतो. शिवाय पट वाढली म्हणजे दिसणारा मुलूख आंखडतो. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर झेपावणारें शेकरूं अशा अरुंद नजरेंत कधींच सांपडत नाहीं.

दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागावें. ४० ला ८ नें भागल्यास ५ येतात. म्हणजे डोळ्याकडील भिंगांतून ५ मिलिमीटर रुंदीची प्रकाशाची टिकली बाहेर पडते. हा भागाकार घरांत कोणत्याहि मुलास करतां येतो, पण दुर्बिणीचें निम्में शास्त्र त्यांत आहे. भर दुपारीं आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, त्यामुळें तेव्हां कोणतीहि दुर्बीण उजळच वाटते. पण गवे सड्यावर चरावयास उतरतात ते उजाडतां व दिवेलागणीस. त्या वेळीं बाहुली मोठी होते. तरुणाची पुऱ्या अंधारांत सातापर्यंत, वयस्कर माणसाची बहुधा पांचाच्या आंतच. म्हणून खिशांत मावणारी १०×२५ ची दुर्बीण, जिची टिकली अवघी अडीच मिलिमीटर, संध्याकाळीं आंधळी होते. उलट नाविकांची ७×५० सात मिलिमीटर प्रकाश देते खरी, पण आजोबांच्या डोळ्यांत त्यांतला बराचसा शिरतच नाहीं, आणि वजन मात्र मानेला पडतें. ८×४० किंवा ८×४२ ही जोडी सर्व वयांच्या घराला उत्तम, असें आमचें स्पष्ट मत आहे. आठाची वीस पट करतां येणारी सरकती दुर्बीण मात्र स्वस्तांत मिळाली तरी घेऊं नये. अल्प किंमतींत तिच्या दोन्ही नळ्या एकसारख्या राहणें दुरापास्त असतें.

जत्रेंत व रस्त्याच्या कडेला "लष्करी" म्हणून ३०×६० असा आंकडा घातलेल्या दुर्बिणी हजाराच्या आंतबाहेर विकतात. त्यांतील बहुतेकांचा आंकडा निव्वळ थाप असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. एक डोळा दुर्बिणीला लावावा, दुसरा उघडा ठेवावा, आणि समोरच्या विटांच्या भिंतीकडे पाहावें. दोन्ही चित्रें एकावर एक येतात. दुर्बिणींतील एका विटेच्या उंचींत उघड्या डोळ्याच्या किती विटा मावतात तें मोजलें कीं खरी पट कळते. तिसाच्या ठिकाणीं सहा-सात विटा निघाल्या तर दुर्बीण तेथेंच परत ठेवावी. पुढील भिंगें माणकासारखीं लाल चमकत असतील तर तीहि भुरळच समजावी. तो लेप तांबडा प्रकाश परत फेंकतो, आणि रान हिरवट, फिकट दिसतें.

खरा लेप निराळा. कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून शेंकडा चारएक प्रकाश परत जातो. दुर्बिणींत अशीं दहा पृष्ठें धरलीं तरी सुमारें एक-तृतीयांश प्रकाश वाटेंतच नाहींसा होतो. १९३५ सालीं झाइसच्या कारखान्यांत स्माकुला यानें या परतणाऱ्या प्रकाशाला आवरणारा पातळ लेप शोधला, तेव्हांपासून दुर्बिणींचा कायापालट झाला. सर्व भिंगांवर अनेक पदरी लेप आहे असें लिहिलेली दुर्बीण मिळाल्यास तिला चार पैसे अधिक द्यावेत. लोलकांची कांच पाहण्यास दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. प्रकाशाची टिकली पुरी वाटोळी दिसली तर कांच चांगली; कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर हलकी.

दुकानांत विजेच्या झोतांत पाहून कांहींच कळत नाहीं. दारांत येऊन, शक्य तर उन्हें कलल्यावर, रस्त्यापलीकडील पाटी वाचावी. अक्षरांच्या कडांना जांभळी-पिवळी झालर किती आहे, मध्याशीं स्पष्ट दिसणारें अक्षर कडेला नेल्यावर किती फुटतें, तें पाहावें. मग विजेच्या आडव्या तारेवर नजर ठेवून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्यावी. दोन्ही नळ्यांतील तार एका रेषेंत राहिली पाहिजे. वरखालीं झाली तर नळ्या जुळलेल्या नाहींत. अशी दुर्बीण पांच मिनिटांत कपाळ दुखवील, मग तिच्यावर नांव कोणाचेंहि असो.

नामांकित कारखान्यांची, खांदे बाहेर आलेल्या जुन्या धर्तीच्या बांधणीची ८×४० सध्यां साधारण पांचसहा हजारांपासून दहाबारा हजारांपर्यंत मिळते. सरळ नळ्यांची नव्या धर्तीची दुर्बीण दिसते नाजूक, पण तिची घडण अधिक कष्टाची. त्याच किंमतींत ती घेतल्यास कांच हलकी पदरीं पडते. पैसा जपून खर्च करणाऱ्या घरानें जुनी धर्तीच घ्यावी. माळ्यावर आजोबांची दुर्बीण पडून असेल तर आधीं ती उतरवून पाहावी. नळ्या सरळ व आंत लोलक नसलेली असेल तर ती तीन-चार पटींची, आठवण म्हणून जपण्याजोगी. पण जर्मन किंवा रशियन ८×३० निघाली, आंत बुरशी नसली आणि तारेच्या परीक्षेस उतरली, तर नव्या खरेदीची घाई नको.

एका दुर्बिणींत सर्वांचे डोळे कसे सामावतील, हा गृहिणींचा प्रश्न योग्यच आहे. प्रथम उजवा डोळा मिटून मधल्या चाकानें डाव्या डोळ्याचें चित्र स्पष्ट करावें; नंतर डावा मिटून उजव्या नेत्रभिंगाचें कडें फिरवावें. त्या कड्यावर खुणा असतात. ज्याची त्याची खूण एका चिठ्ठीवर लिहून पेटींत ठेवली कीं, दुर्बीण हातोहात फिरतांना "मला कांहींच दिसत नाहीं" ही तक्रार उरत नाहीं. केवळ दूरचा किंवा जवळचा चष्मा असणारांनीं तो काढून पाहिलें तरी चालतें. दृष्टिवैषम्य असणारांनीं मात्र चष्मा ठेवावा, आणि त्यांच्यासाठीं डोळा पंधरा मिलिमीटर किंवा अधिक अंतरावर ठेवतां येईल अशीच दुर्बीण निवडावी. लहान मुलांचे डोळे एकमेकांच्या इतके जवळ असतात कीं दोन्ही नळ्या पुऱ्या मिटूनहि त्यांना दोन वर्तुळें दिसतात; त्यांना एकाच नळींतून पाहावयास शिकवावें. मोतीबिंदूनें नजर झांकोळलेल्या वडिलांना महाग दुर्बीण आणून देण्यापेक्षां आधीं नेत्रवैद्याकडे न्यावें हें बरें.

दुर्बिणींतून सूर्याकडे क्षणभरहि पाहूं नये. डोळा कायमचा जातो, आणि तो जातांना दुखतहि नाहीं. हें मुलांना दुर्बीण हातीं देण्यापूर्वींच सांगावें. सूर्योदय पाहण्याच्या मिषानेंहि सवलत देऊं नये.

पावसाळ्यांत दाजीपूरचें रान पाहुण्यांस बंद असतें, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत घरांतील दुर्बीण बिघडते. कातडी पेटी ओल धरते, आंत बुरशीचे धागे पसरतात, आणि ते एकदां भिंगावर बसले म्हणजे कारागिराशिवाय निघत नाहींत. आषाढ लागण्यापूर्वीं दुर्बीण पेटींतून काढून घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवावी. पुड्या महिन्यानें बदलाव्यात, आणि उघडीप मिळेल तेव्हां डबा उघडून दुर्बिणीला वारा द्यावा. भिंगावरील धूळ आधीं मऊ कुंचल्यानें झाडावी, मगच स्वच्छ, धुतलेल्या मलमलीनें हलक्या हातानें पुसावें. धोतराचा सोगा किंवा पदर भिंगाला लावूं नये. स्वयंपाकघरांतली तेलाची वाफ त्यांत असते, आणि ती लेपावर बसली कीं पुसतां पुसतां लेपच जातो.