घर मोडायचं तुम्ही, अन् लेकरू बेघर ठरवायचं तेही तुम्हीच

बैठकीत आपण जमिनीचं बोलतो. दावा कुठं अडकला, मोजणी कधी होणार, फॉरेस्टवाल्यांनी कोणाचं कुंपण उपटलं. सगळं बोलून झालं, सतरंजी गुंडाळायला घेतली, की एखादी बाई हळूच जवळ येते. "दादा, माह्या पोराले संस्थेत टाकलं म्हणते. कवा देतीन वापस?" हा प्रश्न शेवटी येतो म्हणून तो आपल्याला घरगुती वाटतो. माझं म्हणणं आहे की हा जमिनीचाच प्रश्न आहे. पिंपळगाव राजापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आपल्या प्रत्येक बैठकीत तो आधी आला पाहिजे.

कसा ते पाहा. लेकरू संस्थेत जातं ते बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे. "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक" कोण, हे त्या कायद्याच्या कलम २(१४) मध्ये दिलं आहे. त्यातला पहिलाच प्रकार असा, की ज्याला घर नाही, राहण्याचं कायमचं ठिकाण नाही आणि पोट भरण्याचं साधन दिसत नाही असं मूल. दुसरा प्रकार भीक मागताना, रस्त्यावर राहताना किंवा कायदा मोडून कामाला लावलेलं सापडलेलं मूल.

आता वनजमिनीवरची झोपडी "अतिक्रमण" म्हणून पाडली, पेरलेलं उपटलं, तर त्या घरातलं लेकरू दुसऱ्या दिवशी कशात बसतं? पहिल्या प्रकारात. मायबाप पोट भरायला शेगावला, अकोल्याला, पुण्याला गेले आणि पोरगं स्टेशनवर सापडलं तर? दुसऱ्या प्रकारात. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. ते कलम मोडणाऱ्यावर कारवाई होताना दिसत नाही. लेकरावर मात्र कायदा चोवीस तासांत लागू होतो.

हे आजचं नाही. पारध्यांना तर हे सांगायलाच नको. इंग्रजांनी १८७१ ला जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढं १९११ च्या कायद्यात या जमातींची पोरं आईबापांपासून वेगळी काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारनं घेतला, आणि १९२४ च्या कायद्यातही तो ठेवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पण "हे मायबाप पोरं सांभाळू शकत नाहीत, आपण सांभाळलेली बरी" हा विचार गेला का? बेड्यावर येऊन बोलणाऱ्या साहेबांच्या तोंडून तो आजही ऐकू येतो, आणि बोलणारा बिचारा चांगल्या मनानंच बोलत असतो.

कोणी म्हणेल, संस्थेत दोन वेळ जेवण मिळतं, शाळा मिळते, वाईट काय? तर आपल्याच खामगाव तालुक्यातलं पाळा आठवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमावं लागलं. ते बाहेर कसं आलं? दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या म्हणून. मायजवळ बसल्यावर तोंड उघडलं. आश्रमशाळा आणि बालगृह वेगळं आहे, हे मला माहीत आहे. आश्रमशाळेत आपण स्वतः नाव घालतो आणि आपणच काढून आणू शकतो. बालगृहातलं लेकरू बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय बाहेर येत नाही, दिवाळीलाही नाही. म्हणून तिथं मायबापाचं येणं-जाणं दुप्पट जरुरीचं आहे. लेकराच्या राखणीचा तोच खरा उपाय आहे.

आणि तेच तुटतं. समिती बसते जिल्ह्याच्या गावी. जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी. गेल्यावर विचारणार: जन्मदाखला कुठं, आधार कुठं, राहण्याचा पुरावा कुठं? पोरगं कोरकूत किंवा पारधीत बोलतं, समोरचे मराठीत विचारतात, पोरगं गप्प बसतं, आणि कागदावर चढतं "बालक माहिती देत नाही". दोन खेटे रिकामे गेले की माणूस तिसऱ्यांदा जात नाही. मग फाईलमध्ये "पालक संपर्कात नाहीत" अशी ओळ येते. ही ओळ सगळ्यात घातक, कारण टाकून दिलेलं मूल समजून दत्तकासाठी मोकळं करण्याची मुदत दोन वर्षांवरच्या मुलाला चार महिने आहे, त्याहून लहान असेल तर दोनच महिने. ऊसतोड अन् वीटभट्टी चालते सहा महिने. म्हणजे मायबाप उचल फेडून गावी परततील तोवर मुदत संपलेली.

तर गावानं काय करावं? पहिलं म्हणजे त्या मायबापाला एकटं पाठवू नये. दोन माणसं सोबत जावीत, एक बाई असावीच. जाताना ग्रामसभेचा ठराव न्यावा की हे कुटुंब आमच्या गावचं, हे लेकरू यांचं, आणि वनहक्क दाव्याची पावती त्याला जोडावी. दावा मंजूर नसला तरी हरकत नाही. घर कुठं आहे ते तो कागद सांगतो. समितीसमोर दुभाषी मागावा, नियमात तरतूद आहे. आदेशाची प्रत मागावी आणि घेतल्याशिवाय उठू नये. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. लेकरू पुण्या-मुंबईत सापडलं असेल तर ते आपल्या जिल्ह्याच्या समितीकडं पाठवा असा अर्ज तिथल्या समितीला द्यावा. कायद्यात तेही आहे. आणि कोणी "सही करा, पोराचं कल्याण होईल" म्हणालं तर वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. मूल सोडून दिल्याचा कागद असला तर विचार बदलायला दोन महिने मिळतात, पुढं हातात काही राहत नाही.

त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्था हा अगदी शेवटचा उपाय. मग मधले उपाय कुठं गेले? क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० आहेत, ते लेकरू घरात किंवा नातेवाइकांकडं ठेवून सांभाळण्यासाठी. कित्येक विधवा बायांपर्यंत याचा फॉर्मही पोचलेला नाही. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष, हे तरी किती गावांत माहीत आहे?

एक गोष्ट आपल्या आपल्यात. काही घरांत दारू आहे, मारहाण आहे, चौदाव्या वर्षी लग्न लावणं आहे. तिथून लेकरू हलवावं लागलं तर आपण आडवं येऊ नये. जात सांभाळायची म्हणून पोरीला मार खायला ठेवणं याला मी हक्काची लढाई म्हणणार नाही. पण हलवायचं ते आधी मामाकडं, आजीकडं, काकूकडं. कायद्यात "योग्य व्यक्ती" म्हणून नातेवाइकाकडं ताबा देता येतो. त्यासाठी आजीनं समितीसमोर उभं राहून "मी सांभाळतो" म्हणायला पाहिजे, अन् तिच्या पाठीशी गाव पाहिजे.

दुसऱ्या देशांतल्या आदिवासींनी हे फार महागात शिकलंय. ऑस्ट्रेलियात सरकारनं पिढ्यान्‌पिढ्या मूलनिवासींची लेकरं उचलून नेली. १३ फेब्रुवारी २००८ ला तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. माफीनंतर थांबलं का? आजही तिथं घराबाहेर ठेवलेल्या दर दहा मुलांत चारांहून जास्त मूलनिवासी आहेत, लोकसंख्येत मात्र त्यांची मुलं शंभरात सहाच्या आसपास. २०१४ पासून तिथल्या आज्या संघटना करून रस्त्यावर उतरल्यात. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं ठरलं की मूलनिवासी मुलाचा खटला कोर्टात असेल तर त्याच्या जमातीला नोटीस गेली पाहिजे आणि जमातीला कोर्टात उभं राहता आलं पाहिजे. त्याला आव्हान दिलं गेलं, पण २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा कायम ठेवला.

आपल्याकडं असं काही नाही. बुलढाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसाही नाही. तरी वनहक्काची ग्रामसभा आहे. आदिवासी मूल संस्थेत ठेवण्याआधी त्याच्या ग्रामसभेला, बेड्याला लेखी नोटीस द्या, ही मागणी आपण पट्ट्याच्या मागणीसोबत एकाच निवेदनात घालावी. वेगळं निवेदन केलं तर ते दुसऱ्या खात्याकडं जाईल आणि तिथंच राहील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं यादी आणावी: कोणाचं लेकरू, वय किती, कधी नेलं, कोणत्या संस्थेत आहे, मायबाप शेवटचे कधी भेटले. ज्यांच्याकडं आदेशाची प्रत नाही त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहा. ही नावं बाहेर कोणाला दाखवायची नाहीत, पेपरात तर नाहीच.