कूलर उघडतो, मग संगणक का नाही?

मैत्रिणींनो, होळी जवळ आली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एक कार्यक्रम ठरलेला असतो. मागच्या खोलीतला कूलर ओढून बाहेर काढायचा! आमचं भातकुली खारपाणपट्ट्यात. वर्षभरात कूलरच्या ताट्यांवर क्षाराचा पांढरा थर असा बसतो की गवत दगडासारखं कडक होतं. मग त्या ताट्या बदलायच्या, पंपाची जाळी घासायची, पंख्यात तेल सोडायचं, उंदरानं कुरतडलेली वायर जोडून वर टेप गुंडाळायची. यातलं निम्म्याहून जास्त काम आपण बायकाच करतो. त्यासाठी कुणी मिस्त्री बोलावत नाही आणि कुणी आपल्याला "तुला काय समजते त्यातलं" असंही म्हणत नाही.

पण त्याच घरात कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेला संगणक असतो ना, त्याच्या डब्याला हात लावायचा म्हटलं की आपले हात मागं येतात. तो बिघडला की तालुक्याला नाहीतर अमरावतीला न्यायचा आणि दुकानदार जो आकडा सांगेल तो मुकाट्यानं द्यायचा. का बरं असं? हा प्रश्न मला इतकी वर्षं कधी पडला नव्हता. यंदा थंडीत पडला आणि तोही एका पोरीमुळे.

झालं असं. आमच्या बचत गटाचा एक संगणक आहे, 2019 साली घेतलेला. गटाचे हिशेब, कर्जाच्या नोंदी, बायकांचे ऑनलाइन अर्ज, सगळं त्यावर. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या वेळी तर आमच्या ओसरीवर जत्राच भरली होती. एका रात्री अवकाळी पाऊस आला, विजा कडाडल्या. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी बटण दाबलं तर संगणक ढिम्म! दिवा नाही, पंखा नाही, जवळ गेलं तर जळका वास.

मी तो रिक्षात घालून एका दुकानात नेला. दुकानदारानं डबा न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, मॅडम. आणि तसंही विंडोज 10 बंद झालंय. याच्यावर नवीन विंडोज चालणार नाही. नवाच घ्या, पस्तीस हजारात बसवून देतो." विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, हे खरंच आहे. त्यामुळे मला सगळंच खरं वाटलं. गटाच्या खात्यातून पस्तीस हजार काढायचे म्हणजे तीन बायकांचं कर्ज अडणार, या विचारानं रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली एक पोरगी आली. आयटीआयला संगणक हार्डवेअरचा ट्रेड केलेली, सध्या घरीच. म्हणाली, "काकू, एकदा मले पाहू त द्या."

आणि मैत्रिणींनो, लाज वाटते सांगायला, पण सांगते. मुली शिकल्या पाहिजेत म्हणून गावोगावी भाषणं देणारी मी तिला म्हणाले, "नको गं बाई, अजून बिघडलं तर?" तिची आई तर माझ्याही पुढं. "पोरीच्या जातीले पेचकस कायले पाह्यजे व? नुकसान झालं त भरून कोन देईन?" त्यावर पोरगी शांतपणे म्हणाली, "बिघडलेलंच हाय ना काकू, आता अजून काय बिघडन?"

तिचा भाऊ आला असता तर मी असं म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. खरं तर त्याला हार्डवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण पेचकस मी त्याच्या हाती बिनधास्त दिला असता. ही गोष्ट मला फार लागली. म्हटलं, उघड बाई.

मीही 2006 साली एमएससीआयटी केलंय. महाराष्ट्रात 2001 पासून लाखो लोकांनी हा कोर्स केला, आपल्यासारख्या कितीतरी गृहिणींना माउस हातात धरायचं बळ त्यानंच दिलं. मदरबोर्ड हा शब्द तेव्हा मी पाठ केला होता. पण तो डोळ्यांनी पाहिला तो आत्ता, वीस वर्षांनी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर!

तिनं आधी प्लग काढला आणि मग डब्याचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. मला म्हणाली, "काकू, बांगड्या काढा आणि ही साडी बदला, सुती नेसा." थंडीत सिंथेटिक साडी काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तसली एखादी आपल्याला जाणवणारही नाही इतकी बारीक ठिणगीसुद्धा बोर्डाचे भाग मारू शकते. म्हणून दर वेळी आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा आणि मगच आत हात घालायचा.

तिनं लगेच "बोर्ड गेला" असं म्हटलं नाही. आधी शेजाऱ्यांच्या जुन्या संगणकातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, काढून लावून पाहिला. मग रॅम काढून पुसून पुन्हा बसवली. कशानंच काही होईना आणि बोर्डावर एके ठिकाणी काळा डाग सापडला, तेव्हा खात्री झाली. आपण नाही का, मिक्सर बंद पडला की आधी प्लग बघतो, मग वायर, मग मोटर? अगदी तसंच. हार्ड डिस्क मात्र धडधाकट होती. गटाचा सगळा हिशेब असतो तो त्या डिस्कमध्ये, बोर्डात नव्हे. दुकानात जुना संगणक ठेवून नवा घेऊन आले असते, तर आमच्या बायकांच्या पाच-सहा वर्षांच्या नोंदी कुणाच्या हाती गेल्या असत्या कोण जाणे!

नवा बोर्ड आणायला आम्ही दोघी अमरावतीला गेलो. तिथं एक धडा मिळाला. आमच्या संगणकातला प्रोसेसर इंटेलचा, आठव्या पिढीचा. त्याच्या खाचेचं नाव एलजीए 1151. पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डाची खाचही त्याच नावाची! प्रोसेसर त्यात बसतो, पण चालत नाही. समोर आलेला पहिला बोर्ड तसलाच निघाला. पोरीनं खोक्यावरचं चिपसेटचं नाव वाचून तो परत केला. ब्लाउजपीस मॅचिंग निघेपर्यंत आपण चार दुकानं पालथी घालतो, तेवढी नजर इथंही लागते. खाच, पिढी, रॅम डीडीआर3 की डीडीआर4, आणि बोर्डाचं माप डब्यात मावेल का, एवढं जुळवलं की झालं.

बसवण्याचं काम दोन तासांचं. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तो खाचेवरच्या खुणेशी जुळवून नुसता अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. खाचेतल्या पिना केसासारख्या, वाकल्या की बोर्ड वाया. त्यावर वाटाण्याच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, मग पंखा. म्हणजे इथंही कूलरच! रॅम मात्र दोन्ही बाजूंनी खटका वाजेपर्यंत दाबायची. डब्यात आधी पितळी पाये लावायचे, म्हणजे बोर्डाची पाठ लोखंडाला टेकत नाही. स्क्रू समोरासमोरचे आवळायचे, फार घट्ट नाही. मग वीज, डिस्क आणि बटणांच्या वायरी, पुस्तिकेतलं चित्र बघून.

सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच! माझ्या पोटात गोळा. दारात उभी असलेली तिची आई म्हणाली, "सांगतलं होतं ना मी!" पोरीचा चेहरा पडला, पण हात थांबले नाहीत. एकेक वायर तपासत गेली तेव्हा दिसलं, प्रोसेसरला वीज देणारी चार पिनांची वेगळी वायर लावायचीच राहिली होती. ती लावली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. तिच्या आईनं काय केलं माहितीय? आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. बोलली काही नाही.

पुढचं काम सेटिंगचं. सुरू करताना डिलीट किंवा एफ2 हे बटण दाबत राहिलं की बायोस नावाचं पान उघडतं. तिथं तारीख-वेळ लावायची, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते सांगायचं, प्रोसेसर किती तापतोय ते बघायचं. बोर्डावर तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो, तो ही तारीख लक्षात ठेवतो. तुमचा संगणक रोज जुनीच तारीख दाखवत असेल तर बहुधा तो सेलच संपलेला असतो, घाबरायचं कारण नाही.

आणि आता खरी गंमत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. ती पुष्कळ संगणकांत असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डात तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम. पोरीनं ती सुरू केली आणि "चालणारच नाही" म्हटलेलं विंडोज 11 आमच्या संगणकावर चाललं! आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरना ही मुभा नाही, हे खरं. त्यांच्यासाठी लिनक्ससारख्या मोफत प्रणाली आहेत. पण डबा न उघडता, सेटिंग न बघता आम्हाला नवा संगणक घ्यायला सांगितलं होतं, त्याचं काय? एक मात्र लक्षात ठेवा. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो, बोर्ड बदलला की तो पुन्हा घ्यावा लागू शकतो. तो खर्च आधीच विचारून घ्या. आमचा परवाना वेगळा विकत घेतलेला होता, म्हणून निभावलं. बोर्ड, पेस्ट मिळून पाच हजारांच्या आत काम झालं.

मग गटाच्या बैठकीत विषय निघाला, पोरीला काय द्यायचं? दोघी-तिघी म्हणाल्या, "घरचीच हाय ते, साडीचोळी देऊन टाकू." मी म्हटलं, दुकानदाराला साडीचोळी दिली असती का आपण? बाईचं काम म्हटलं की मोल नाही, हे आपणच म्हणायला लागलो तर दुसऱ्याला काय बोलायचं? शेवटी रोख हजार रुपये ठरले आणि गटाच्या वहीत 'मजुरी' म्हणून लिहिले. तिच्या आईनं ती नोंद दोनदा वाचली.

हे काम बायकांचं नाही, असं कुणी ठरवलं हो? 1946 साली अमेरिकेत एनिॲक हा खोलीभर पसरलेला संगणक लोकांपुढं आला, तेव्हा त्याच्या वायरी आणि स्विच जुळवून त्याच्याकडून गणितं करून घेणाऱ्या सहा जणी होत्या, सगळ्या बायका. त्यांची नावं जगापुढं यायला मात्र कित्येक दशकं गेली. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला, त्या अपोलो यानाच्या संगणकाची स्मृती तर अक्षरशः विणलेली होती. बारीक कड्यांतून तार ओवायची, कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. ती ओवणाऱ्या कारखान्यातल्या बायकाच होत्या!

लांब कशाला, आपल्या शेजारी बघा. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर तालुक्यातलं मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचं जन्मगाव. अमेरिकेनं महासंगणक द्यायला नकार दिल्यावर पुण्यात 1988 साली सी-डॅक उभी राहिली आणि 1991 साली त्यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 तयार झाला. आमच्यासारख्याच वऱ्हाडी गावातून माणूस तिथवर जातो, मग आमच्या पोरींनी निदान घरचा डबा उघडू नये?

मी असं म्हणत नाही की सगळ्यांनी मदरबोर्ड बदलायला बसावं. पडद्याचा आणि एसएमपीएसचा डबा तर उघडूच नका, त्यात वीज साठून राहते. पण निदान डबा उघडून आत काय असतं ते पाहावं. दुकानात गेल्यावर "बोर्ड गेला हे कशावरून? एसएमपीएस बदलून पाहिला का? जुना भाग परत द्या" एवढं विचारता यावं. घरात खरोखरचं अर्थिंग आहे का, वीज कडाडली की प्लग काढला जातो का, हे बघावं. आणि जळका बोर्ड उकिरड्यावर पेटवू नये, त्यातलं शिसं आपल्याच श्वासात आणि मातीत उतरतं. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी असा माल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे पोहोचवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे. आमचा बोर्ड आम्ही वेगळा बांधून ठेवलाय, पुढच्या संकलनात देणार.

आता त्या पोरीला आमच्या ओसरीवर दर रविवारी दोन-तीन जणी शिकायला येतात. तिची आई पूर्वी त्यांना हटकायची, आता सतरंजी काढून ठेवते... सतरंजी लोकरीची असेल तर चालणार नाही, हेही तीच सांगते!

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा कूलर साफ कराल त्याच दिवशी संगणकाचाही डबा उघडा. प्लग काढून, मऊ ब्रशनं आतली धूळ झटका. आणि पेचकस मुलाच्या हाती देण्याआधी एकदा मुलीकडं बघा. बांगड्या काढायला तेवढ्या विसरू नका!